बनियनवाला आणि वेणीवाली

गेम भिकार निघाला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी आशेवर राहायला नको. ज्या जपानी कंपनीवरून मी आणि माझ्या थोरल्या बहिणीनं आख्खं लहानपण ओवाळून टाकलं, त्या कंपनीनं इतक्या वर्षांनी तोच मारामारीचा गेम नव्यानं काढला, आणि असा काढला की पाचव्या मिनिटाला माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अय्यो, हे काय करून ठेवलंय!" बायकोला वाटलं मी काहीतरी सांडलं. ती फडकं घेऊनच बाहेर आली.

पन्नाशीकडं झुकलेल्या, विम्याच्या कचेरीत फायली सरकवणाऱ्या माणसानं एका गेमवर एवढं चिडायचं कारण नाही, हे मला कळतं. पण हा गेम दोघांनी खेळायचा. आणि तो येणार हे वाचलं त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं, की या निमित्तानं उषाक्काला फोन करायचा. उषाक्का म्हणजे तीच थोरली बहीण. ती म्हैसुरातच जयलक्ष्मीपुरमला राहते, मी कुवेंपुनगरला. मध्ये स्कूटरची पंधरा मिनिटं. आणि आमचं बोलणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती. कशावरून, ते मी लिहीत नाही. मी लिहायला बसलो तर मी बरोबर ठरेन, ती बसली तर ती. कुणाच्या लग्नात समोरासमोर आलो की "जेवलास?" "जेवलो," एवढं व्हायचं, आणि मग दोघंही दुसऱ्या कुणाकडं तरी बघून हसायचो. आई-बाबा गेल्यावर मला 'तम्मा' म्हणणारं, म्हणजे इथल्या कन्नडात धाकटा भाऊ म्हणणारं, जगात ते एकच माणूस उरलंय. तेही हातचं गेलं तर मग मी कुणाचा तम्मा?

तेव्हा गेम चांगला निघणं फार गरजेचं होतं. "अक्का, ये, बघ काय केलंय यांनी," असं म्हणता आलं असतं. आता काय म्हणू? तीन वर्षांचा अबोला असल्या मालावर मोडायचा? मी फोन उचलायचो, तिच्या नावापर्यंत जायचो आणि ठेवून द्यायचो. तीन आठवडे असेच गेले.

मग एका शनिवारी कचेरीच्या कामानं जयलक्ष्मीपुरमला जाणं झालं. काम उरकल्यावर स्कूटर आपोआप त्या गल्लीत वळली असं लिहिणार होतो, पण स्कूटर कुठली आपोआप वळते, मीच वळवली. अक्काचं घर तिथून दोन रस्ते पलीकडं. तिकडं नाही गेलो. जिथं रंगप्पाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तिथं गेलो.

आता तिथं दातांचा दवाखाना आहे. काचेचं दार, आत निळ्या खुर्च्या आणि लवंगेच्या तेलाचा वास. पायऱ्या मात्र त्याच, लाल ऑक्साईडच्या, मधलीला तडा गेलेला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, काय दुखतंय? मी म्हणालो, काही नाही, एकांची वाट बघतोय. खोटं होतं, पण अगदीच खोटं नव्हतं. पाच मिनिटं बसलो. डावीकडच्या भिंतीला, जिथं आता कवळ्या मांडलेलं कपाट आहे, तिथं आमचं मशीन उभं असायचं.

इथं थोडं आमच्या भाषेबद्दल सांगायला हवं. आमचं घराणं जुन्या म्हैसूरच्या शिलेदारांपैकी. कुणी एक पूर्वज घोड्यावर बसून इकडं आला आणि परत गेला नाही. घोडा गेला, शिलेदारी गेली. उरली एक तलवार आणि घरातली मराठी, तीही निम्मी कन्नडात कालवलेली. माझी बायको साताऱ्याची. तिची मराठी पुस्तकातली. हे लिहिलेलं तिनं वाचलं आणि त्यातले कन्नड शब्द पेन्सिलनं खोडले. काही मी परत घातले. अक्का बोलते तशी नाही लिहिली तर ती अक्का वाटणारच नाही.

तर रंगप्पाचं दुकान. आत तीन मशिनं. एक गाड्यांच्या शर्यतीचं, त्याचं स्टिअरिंग कायम डावीकडं ओढायचं. एक विमानांचं, ते बहुतेक बंदच. आणि तिसरं 'बनियन'. गेमचं खरं नाव पडद्यावर जपानी अक्षरांत यायचं, ते कुणाला वाचता येणार? पहिला खेळाडू बनियन घातलेला आडदांड बाप्या होता, म्हणून गेमचं नाव बनियन. दुसरी होती लांब वेणीची एक मुलगी. दोघांनी मिळून शहरातल्या गुंडांना हाणत हाणत उजवीकडं चालत जायचं. बस्स, एवढाच गेम. का हाणायचं ते सुरुवातीला लिहून यायचं, पण तेही जपानीत. आम्ही आमचं ठरवून टाकलं होतं, की या दोघांच्या घरातली तलवार कुणीतरी पळवली आहे.

सुरू होताना काळ्या पडद्यावर एक लाल मासा पोहत यायचा, मध्यावर येऊन वळायचा आणि थांबायचा. ती त्या कंपनीची खूण. मग संगीत. मग तो पहिला ठोसा. त्या ठोशाच्या आवाजाबद्दल मी पानभर लिहू शकेन. उन्हाळ्यात आई गच्चीवर गाद्या बडवायची, अगदी तसा भरीव, धप्प. आणि ठोसा बसला की सगळं क्षणभर थांबायचं. मारणारा थांबायचा, खाणारा थांबायचा, मागचा रस्ताही थांबायचा. मग तो गुंड उडून पडायचा. सगळी मजा त्या थांबण्यात होती, हे मला आत्ता, नवा गेम खेळल्यावर कळलं. तेव्हा नुसतं बरं वाटायचं.

आणि वास. तापलेल्या मशीनचा, पोरांच्या डोक्यावरच्या खोबरेल तेलाचा, रंगप्पाच्या उदबत्तीचा, आणि शेजारच्या दुकानात भाजल्या जाणाऱ्या कॉफीचा. सकाळी कॉफीचा जोर असायचा, संध्याकाळी तेलाचा. दुपारी करंट जायचा. मशीन एकदम मरायचं, बनियनवाला हवेत उडी मारलेला असतानाच नाहीसा व्हायचा, आणि त्या अंधाऱ्या खोलीत पंधरा पोरं एका आवाजात "होऽऽ" करायची. मग कुणी हलायचं नाही. हललं तर नंबर जायचा. करंट येईपर्यंत घामाच्या धारा पुसत उभं राहायचं, आणि बाहेरून निंबाच्या झाडावरच्या कावळ्यांचं भांडण ऐकायचं.

अक्का तिथं आली ती मला ओढून न्यायला. आई म्हणाली, "जा, त्याला कानाला धरून आण." अक्का तेव्हा आठवीत, मी चौथीत. ती आली, शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या, लाल फिती, आणि दारात उभी राहून ओरडली, "तम्मा, बा!" म्हणजे ये. सगळी पोरं वळून बघायला लागली, कारण त्या दुकानात मुलगी कधी आलीच नव्हती. मी म्हणालो, एवढा एक राऊंड. ती माझ्या मागं येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "ती वेणीवाली सुम्ने का उभी आहे?" सुम्ने म्हणजे उगाच. मी म्हणालो, तिला खेळवायला दुसरं माणूस लागतं. अक्कानं दप्तर खाली ठेवलं. त्या दिवशी दोघांनाही कानाला धरून न्यायला आई आली.

अक्का माझ्यापेक्षा चांगली खेळायची, हे मी आज छापील अक्षरांत कबूल करतो. मी नुसता कळा बडवायचो. ती बघायची. कुठला गुंड कुठून येतो, आधी खांदा हलवतो की पाय, सगळं लक्षात ठेवायची. महिन्याभरात पोरं तिला वाट करून द्यायला लागली आणि रंगप्पानं स्वतःची खुर्ची तिला दिली.

नवरात्रात मात्र आमची पंचाईत व्हायची. गेममध्ये पिंपं फोडली की आतून भाजलेली कोंबडी निघायची, आख्खी, ताटलीत ठेवलेली. ती खाल्ली की गेलेली ताकद परत यायची. आमच्या घरी एरवी मटण-कोंबडी चालायची, पण नवरात्राचे नऊ दिवस नाव काढायचं नाही. पहिल्याच वर्षी घटस्थापनेला पिंपातून कोंबडी निघाली, मी धावलो, आणि अक्कानं माझा हात धरला. "तम्मा, बेडा! नवरात्र आहे." बेडा म्हणजे नको.

"अगं, मी कुठं खातोय? बनियनवाला खातोय."

"तुझ्या हातानं खातोय ना?"

मी हात मागं घेतला. मग नऊ दिवस आम्ही कोंबड्या रस्त्यावर टाकून पुढं जायचो आणि चौथ्या टप्प्यात दोघंही मरायचो. समोरच्या घरातला नागेंद्र जन्मापासून पक्का शाकाहारी, त्याच्या घरात कांदासुद्धा यायचा नाही. तो पठ्ठ्या बारा महिने कोंबड्या हाणायचा आणि आम्हाला हसायचा. अक्का म्हणायची, त्याचा धर्म त्याच्यापाशी. विजयादशमीला आपट्याची पानं वाटून झाली की आम्ही धावत सुटायचो, आणि पहिल्या पिंपातली पहिली कोंबडी ती मला द्यायची.

आयुधपूजेची गोष्ट तर आमच्याच घरात घडू शकते. म्हैसुरात नवमीला जो तो आपापल्या कामाच्या वस्तूची पूजा करतो. आमच्याकडं ती तलवार, आईचं शिवणयंत्र, बाबा सिटी बसवर कंडक्टर होते म्हणून त्यांची टोपी आणि शिट्टी, आमची पुस्तकं. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कशाला हात लावायचा नाही. त्या दिवशी पुस्तकाला हात लावायचा नाही, यासारखं दुसरं सुख नव्हतं. रंगप्पाचं आयुध म्हणजे मशिनं. तो ती पुसायचा, झेंडूच्या माळा घालायचा, खाली लिंबं ठेवायचा आणि दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. आम्ही दोघं नव्या कपड्यांत बघायला गेलो. रंगप्पानं बनियनवाल्याला हलवायच्या दांड्याला गंध लावलं, हात जोडले आणि पुढच्या मशीनकडं गेला. अक्काला ते खपलं नाही.

"आणि वेणीवालीला?"

"एकच मशीन आहे ना मगू," रंगप्पा म्हणाला. मगू म्हणजे बाळ.

"मशीन एक असलं म्हणून काय? ती पण लढते."

आणि तिनं वाटीतलं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि दुसऱ्या खेळाडूच्या एकेका कळीवर लावलं. नुसतं लावलं नाही, नीट दाबून, प्रत्येक कळीला मनापासून. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तर वेणीवालीची लाथ बंद. कुंकू आत जाऊन वाळलं होतं. रंगप्पानं फुंकलं, ठोकलं, सुई घातली. शेवटी हात झटकून म्हणाला, देवीनं लाथ काढून घेतली, आता बेंगळूरहून मेकॅनिक येईल तेव्हा बघू. मेकॅनिक उन्हाळ्यात आला. तोवर अक्का लाथेशिवाय खेळायला शिकली. उडी मारायची आणि उतरताना कोपर हाणायचं. लाथ दुरुस्त झाल्यावरही तिनं ती कळ दाबली नाही. आई म्हणाली, बरंच झालं, मुलीच्या जातीनं लाथा कशाला मारायच्या. अक्का म्हणाली, कोपर चालतं का? त्यावर आईनं लाटणं उचललं.

मग एका वर्षी अक्का यायची थांबली. मग मशीन गेलं. मग रंगप्पा बेट्टदपुरला त्याच्या गावी गेला. दुकानाला कुलूप लागलं, मग वह्या-पेन्सिलींचं दुकान झालं, मग आणखी काही. या सगळ्याला कारणं होती, पण मला ती धड आठवत नाहीत. कॉफी भाजणारं दुकान मात्र बरीच वर्षं होतं, आणि कॉलेजला जाताना त्या वासातून जायचो तेव्हा माझा उजवा अंगठा आपोआप हलायचा.

दातांच्या दवाखान्यातून बाहेर आलो आणि स्कूटरवर बसूनच फोन लावला. विचार करत बसलो असतो तर पुन्हा ठेवला असता. तिनं उचलला.

"काय रे?"

"काही नाही. अक्का, ते... लाल माशाचा नवा गेम आलाय."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"बनियनवाला?"

"हं. आणि वेणीवाली पण."

"कसा आहे?"

आता काय सांगणार? "बरा आहे," मी म्हणालो. "चांगला आहे. दोघांनी खेळायचाय."

"उद्या येते. चारला. आणि ऐक, तुझी बायको चहा करते. मला कॉफी पाहिजे."

फोन ठेवल्यावर मी तिथंच गल्लीत उभा राहून हसलो. एक आजोबा बघत होते, बघू देत.

रविवारी बरोबर चारला फाटकाची कडी वाजली. अक्काच्या हातात चिरोट्यांचा डबा होता. वेणी कधीच गेली. आता खांद्यापर्यंत केस, निम्मे पांढरे. तिनं चपला काढल्या आणि जोडीनं भिंतीला लावून ठेवल्या, परक्या घरी ठेवतात तशा. आमच्या घरात चपला तिनं कायम भिरकावल्या होत्या. ते मला फार लागलं. बायकोनं कॉफी दिली, दोन गोड शब्द बोलली आणि शहाणपणानं आत निघून गेली. आम्ही दोघं टीव्हीसमोर सतरंजीवर बसलो. अक्कानं न विचारता दुसरा कंट्रोलर उचलला.

मासा आला. आता तो चकचकीत झालाय, अंगावर खवले, गिरक्या घेतो, ठिणग्या उडवतो. मला लाज वाटली.

मग गेम सुरू झाला, आणि त्याबरोबर माझं माफी मागणंही, जणू मीच जपानात बसून तो बनवलाय. ठोशाला आवाज आहे, पण वजन नाही. कुणीतरी दूर कुठं टाळी वाजवल्यासारखं वाटतं. ते क्षणभर थांबणं तर काढूनच टाकलंय. मारलं काय आणि नाही मारलं काय, सगळं सुळसुळ सरकत राहतं. गुंड तीनच तोंडांचे, शर्ट तेवढे बदललेले. पिंपातून कोंबडी निघत नाही, एक निळी लुकलुकणारी गोळी निघते. आणि वेणीवाली! तिचे केस कापलेत, आणि ती अखंड बोलते. मारताना बोलते, मार खाताना विनोद करते, आणि दर दोन मिनिटांनी गेम थांबवून बनियनवाल्याशी गप्पा मारते. बनियनवाल्याच्या अंगात बनियनसुद्धा नाही, कसलं तरी जाकीट आहे. ज्यांनी जुना गेम केला ते लोक म्हणे कंपनीत उरलेच नाहीत. मासा तोच, तळणारे दुसरे. ज्यांना आम्ही देव मानलं त्यांनी निदान गेम काढायचा नव्हता, गप्प बसायचं होतं.

"ही एवढी का बोलते?" अक्का म्हणाली.

"पुढं कमी होतं," मी म्हणालो. होत नाही.

"सरी." म्हणजे बरं.

"आवाज जरा... टीव्हीचा दोष असेल."

"असू दे."

"अक्का, तिसरा टप्पा बरा आहे."

"असू दे रे. खेळ."

ती खेळत होती. लाथेच्या कळीला अजूनही हात लावत नव्हती. उडी आणि कोपर, उडी आणि कोपर. तेवढं बघून मला बरं वाटायचं, आणि लगेच पडद्यावरची ती बडबड सुरू झाली की पुन्हा कानकोंडा व्हायचो. ती मनात काय म्हणत असेल? तीन वर्षांनी बोलावलं आणि हे दाखवलं. अर्ध्या तासात उठेल, 'आयितु' म्हणेल, म्हणजे झालं आता, चपला घालेल, आणि पुन्हा लग्नांमध्ये "जेवलास?" सुरू. कॉफी संपत आली होती. मी तिच्या पेल्यात किती उरली आहे तेच बघत होतो.

तिसऱ्या टप्प्यात एक गोदाम आहे. तिथं अर्ध्यावर एक जाडा माणूस छतावरून थेट डोक्यावर पडतो. आधी सावली नाही, आवाज नाही, काही नाही. हा शुद्ध अन्याय आहे. पहिल्या दिवशी मी तिथं चारदा मेलो होतो. अक्काला सांगणार होतो, पण तेवढ्यात ती बोलणारी बया पुन्हा काहीतरी बोलली आणि राहून गेलं. आम्ही गोदामात शिरलो. अर्ध्यावर अक्का थांबली. दोन पावलं मागं आली. जाडा धाडकन रिकाम्या जागी पडला, आणि तो उठायच्या आत तिनं उडी मारून त्याच्या मानेवर कोपर घातलं.

मी गेम थांबवला.

"अक्का."

"काय?"

"तो पडणार हे तुला कसं कळलं?"

"अंदाज."

"कसला अंदाज? याचा अंदाज येतच नाही कुणाला."

तिनं पदरानं उगाच चष्मा पुसला.

"रोहितचं मशीन आहे ना घरी," ती म्हणाली. रोहित तिचा मुलगा, नोकरीला हुबळीला असतो. "पडूनच होतं. गेम आला त्या दिवशीच घेतला मी. शेजारच्या मुलीनं लावून दिला."

"आला त्या दिवशी?"

"हं. संपवला पण. एकटीनं."

तीन आठवडे मी इकडं एकटा बसून या गेमला शिव्या घालत होतो, आणि पंधरा मिनिटांवर ती तिकडं एकटी बसून खेळत होती.

"कसा वाटला?"

"थू! एवढा भिकार गेम जन्मात खेळले नाही."

"मग आज आलीस कशाला?"

"तू फोनवर काय म्हणालास? बरा आहे, चांगला आहे." तिनं माझी नक्कल केली, हुबेहूब. "तेव्हाच कळलं. म्हटलं, याला गेमचं काही पडलेलं नाही."

"मग तू का नाही केलास फोन?"

"कितीदा हातात घेतला. मोठी आहे ना मी, तम्मा. मोठ्या माणसाला जड जातं रे."

मला रडू आलं. एवढा बाप्या माणूस, पण आलं, आणि येऊ दिलं. चष्मा काढला तर कंट्रोलर हातातून सुटला, तो उचलायला गेलो तर कळ दाबली गेली आणि गेम पुन्हा सुरू झाला. गोदामाच्या दोन्ही दारांतून ते त्याच त्या तोंडांचे गुंड आत यायला लागले.

"अक्का, थांब, थांबव, मला दिसत नाहीये..."

"रड तू सावकाश," ती म्हणाली. "मी आहे तोवर."

माझा माणूस गोदामाच्या मधोमध हात खाली सोडून नुसता उभा होता, आणि तिनं एकालाही त्याच्यापर्यंत येऊ दिलं नाही.